पहिला शब्द

“सुरुवात कोणत्या शब्दानं करू, बाबा?”

वेशीबाहेरच्या तकियात जमालबाबा फकीर चिंच फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“मला कुठली इंग्रजी येते, मास्तर? साऱ्या तालुक्याला तुम्ही शिकवलीत.”

ते खरं होतं. पाथ्रीकर मास्तरांचं पुस्तक घरोघरी होतं. रोजच्या बोलण्यातली दोन हजार इंग्रजी वाक्यं, पहिल्या शब्दावरून लावलेली. ‘मे’ची वेगळी, ‘लेट’ची वेगळी, ‘आय’चीच चाळीस पानं. पहिला शब्द धरा, वाक्य मागोमाग येतं, असं मास्तर मान ताठ करून सांगत.

एरवी गुरुवारी येणारे मास्तर आज सोमवारीच आले होते.

“बोलायचंय कुणाशी?”

“नोराशी. माझी सून, कॅनडातली. चार दिवस झाले, रोज फोन करते. मी उचलत नाही.”

“का?”

“अनिरुद्ध गेला, बाबा.”

चिंचेचा आकडा बाबांच्या हातात तसाच राहिला.

“एकुलता एक...” ते म्हणाले.

“तिला मराठी येत नाही. ‘आय’ची सगळी पाहिली, ‘मे’ची पाहिली... तिच्यापुढे ठेवावं असं त्यात एकही नाही. काल तिनं लिहिलं, आता एकदाच फोन करीन. मग त्रास देणार नाही.”

“मग मोडकंतोडकं बोला.”

“मी? मोडकंतोडकं?”

बाबांनी हातातला आकडा फोडला.

तेवढ्यात फोन वाजला. मास्तरांनी घाईघाईनं पुस्तक उघडलं. ते पानं उलटू लागले. फोन वाजतच होता...

बाबांनी आंबट हात कफनीला पुसले, फोनचं हिरवं बटण दाबलं आणि तो मास्तरांच्या कानाला लावला.

तिकडून कुणी ‘हॅलो’ म्हणालं नाही. नुसता श्वास. मग आवरून धरलेला हुंदका, आणि तोही सुटला.

“आय...” मास्तर म्हणाले. पुढे काही आलं नाही. घशातून जो आवाज निघाला, तो त्यांनी कुठल्याच पानावर लावलेला नव्हता.

तिकडचं रडणं क्षणभर थांबलं. मग पुन्हा सुरू झालं, आता मोकळं.

बराच वेळ गेला. मास्तरांनी फोनवर तळहात ठेवला.

“बाबा, बोलणं काहीच होत नाही. आता काय करू?”

जमालबाबांनी पुढचा आकडा उचलला.

“ती ठेवेपर्यंत ठेवू नका.”