मिनिटाला दहा श्वास

“...मग मॅडम, तुमच्याकडे असं काय आहे, जे माझ्या फोनमध्ये नाही?”

डॉ. निषाद घोरपडेने हे हसत हसत विचारलं. उत्तर ठाऊक असलेलेच प्रश्न विचारायची त्याला सवय होती.

डॉ. हमीदा मुजावर चहा पीत होत्या. घाटावरच्या त्या लहानशा ग्रामीण रुग्णालयात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. निषादला रुजू होऊन एकवीस दिवस झाले होते.

“काय काय आहे फोनमध्ये?” त्यांनी विचारलं.

“इमर्जन्सीचं सगळं. मोठमोठे डॉक्टर फुकट शिकवतात, मॅडम. व्हिडिओ, पॉडकास्ट, रोज नवी पोस्ट. कॉलेजात जे कुणी दाखवलं नाही, ते मी आठ महिन्यांत बघितलं.”

“किती बघितलंस?”

“चारशे साठ व्हिडिओ.”

मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला.

“छान आहे,” त्या म्हणाल्या. “आमच्या वेळी हवं होतं.”

निषादला वाटलं, आपण जिंकलो. खरं तर समोर कुणी खेळतच नव्हतं.

तेवढ्यात दारात जीप येऊन थांबली. सकाळचे दहा वाजले असतील. मागच्या सीटवर नवऱ्याच्या मांडीवर डोकं ठेवून शेवंता नाईक पडल्या होत्या. पहाटे जमिनीवर झोपलेल्या असताना त्यांना मण्यार चावली होती. चावल्याची खूण धड दिसतही नव्हती. पण पापण्या मिटत चालल्या होत्या आणि मान सावरत नव्हती.

सर्पदंशाची लस सुरू झाली. व्हेंटिलेटर असलेली अँब्युलन्स जिल्ह्याहून निघाली. तिला यायला तासभर लागणार होता.

शेवंताबाईंचा श्वास तासभर टिकणार नव्हता. बघता बघता छाती हलायची थांबली.

मण्यार चावलेला माणूस बहुतेक वेळा श्वासावाचून जातो. कुणी बाहेरून श्वास देत राहिलं तर तो वाचू शकतो. त्यासाठी इथे होती ती तोंडावर मास्क लावून हाताने दाबायची पिशवी, अंबू बॅग.

“मी करतो,” निषाद म्हणाला. हे त्याने पुष्कळदा बघितलं होतं.

डाव्या हाताने मास्क, उजव्या हाताने पिशवी. तो दाबत सुटला.

छाती नीट उचलली जाईना. पोट मात्र फुगायला लागलं. बोटाला लावलेल्या यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा उतरत होता. अठ्ठ्याऐंशी... चौऱ्याऐंशी... एकोणऐंशी.

निषादने वेग आणखी वाढवला. घाबरलेला माणूस दुसरं काय करणार?

मॅडमनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

“थांब.”

“मॅडम, त्या श्वास घेत नाहीयेत!”

“तू घेऊ देत नाहीयेस. आत गेलेली हवा बाहेर तरी येऊ दे.”

“व्हिडिओत याच वेगाने दाबत होते.”

“व्हिडिओ कसा बघतोस तू?”

आठ महिन्यांत तासतासभराचे चारशे साठ व्हिडिओ संपवायचे तर एकच मार्ग होता.

“दुप्पट वेगाने,” तो पुटपुटला.

मॅडम रागावल्या नाहीत. रागवायला वेळही नव्हता. त्या शेवंताबाईंच्या डोक्याशी जाऊन उभ्या राहिल्या आणि मास्क त्यांनी स्वतःच्या हातात घेतला.

“तू फक्त पिशवी सांभाळ. त्या आकड्याकडे बघू नकोस. माझा श्वास बघ. मी घेतला की दाब, मी सोडला की सोड. मी पुन्हा घेईपर्यंत काही करू नकोस.”

त्यांनी श्वास घेतला. निषादने पिशवी दाबली. त्यांनी सोडला... आणि मग काहीच नाही. निषादला ते काहीच नसणं सहन होईना. त्याची बोटं पिशवीवर वळवळत होती. पण मॅडम पुढचा श्वास घेईपर्यंत तो थांबला.

तरी मास्कच्या कडेने हवा फुसफुसत निसटत होती. मॅडमची बोटं संधिवाताने वाकडी झाली होती. त्यांना मास्क पूर्वीसारखा धरता येत नव्हता.

“मॅडम...” निषाद चाचरला. “दोन्ही अंगठे मास्कच्या दोन बाजूंना सरळ ठेवा. अंगठ्याखालचा जाड भाग टेकवा. बाकीच्या बोटांनी जबडा वर उचला. मास्क खाली दाबायचा नाही, चेहरा मास्कमध्ये उचलायचा.”

दुसरा कुणी मोठा डॉक्टर असता तर त्याने या पोराला दाराबाहेर काढलं असतं. मॅडमनी निमूटपणे अंगठे सरळ केले.

फुसफुस थांबली. छाती वर आली.

“हे कुणी शिकवलं?”

“फोनने.”

“बरं झालं,” त्या म्हणाल्या आणि पुढचा श्वास घेतला.

एक्क्याऐंशी... अठ्ठ्याऐंशी... पंच्याण्णव.

अँब्युलन्स येईपर्यंत दोघं तसेच उभे होते. मॅडम श्वास घेत होत्या आणि तोच शेवंताबाईंना पोहोचत होता. निषादला हात दुखल्याचंही कळलं नाही.

अँब्युलन्स शेवंताबाईंना घेऊन गेली तेव्हा यंत्रावर अठ्ठ्याण्णवचा आकडा होता. निषाद रुग्णालयाच्या मागच्या पायरीवर बसला आणि मनसोक्त रडला. रडून त्याला फार बरं वाटलं.

अकराव्या दिवशी शेवंताबाई स्वतःच्या पायांनी चालत आल्या. बरोबर पिशवीभर रताळी होती.

“मला समदं ऐकू येत हुतं, बाई,” त्या मॅडमना म्हणाल्या. “हात हलंना, डोळं उघडंना. ह्यो डाक्टर लई घाई करत हुता. जीव नुसता गुदमरला. मग तुमी म्हनलासा, माझा श्वास बघ. मला वाटलं, मलाच सांगताय. मग मीबी तुमचा श्वास ऐकत पडले.”

निषादने रताळ्यांची पिशवी त्यांच्या हातातून घेतली.

“चुकलं माझं,” तो म्हणाला.

“चुकलं कसलं? जित्ती हाय की मी. रताळी उकडून खावा, ग्वाड हाईत.”

त्या गेल्यावर निषादने फोन काढला.

“सगळे व्हिडिओ काढून टाकतो, मॅडम. हे माझं डोकं फिरवत होते.”

“त्यांनी काय केलं तुझं? तो अंगठ्यांचा व्हिडिओ लाव. मला नीट बघायचाय. शिकवणारा बोलतो त्याच वेगाने लाव.”

मॅडमनी तो तीनदा बघितला. तिसऱ्यांदा त्यांनी टेबलावर उशी ठेवून तिच्यावर अंगठे टेकवून बघितले. चौथ्यांदा लावताना निषाद हसला. कितीतरी दिवसांनी तो उत्तर ठाऊक नसल्यासारखा हसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पुन्हा आला. या वेळी त्याने स्वतः व्हिडिओ केला होता. सरावाच्या बाहुलीवर अंबू बॅग कशी दाबायची, किती सावकाश, हे कुठल्याही खेड्यातल्या डॉक्टरला फुकट बघता यावं म्हणून. सुरुवातीलाच त्याने आपली चूकही सांगून टाकली होती.

मॅडमनी व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला.

“चांगला झालाय. टाक.”

“एक अडचण आहे, मॅडम.” तो घुटमळला. “मिनिटाला दहाच श्वास होतात. एका श्वासानंतर दुसऱ्यापर्यंत चार-पाच सेकंद काहीच घडत नाही. लोक एवढा वेळ थांबत नाहीत, बोटाने पुढे सरकवतात. तो मधला रिकामा वेळ कापून टाकू का?”

मॅडमनी फोन त्याच्या हातात परत दिला...

“त्या मधल्या वेळातच शेवंताबाई जगल्या.”