पळसबनातली मांजर

डोंगराच्या कुशीत पळसाचं एक बन होतं आणि बनाच्या काठाला इवलंसं खोपटं. त्यात शेवंती आपल्या आईबरोबर राहायची. दोघी पळसाची पानं तोडायच्या, पत्रावळी टाचायच्या आणि बाजारात नेऊन विकायच्या. पण त्या वर्षी बनाला कीड लागली आणि पानांची पार चाळण झाली. आई एकच भाकरी थापायची, अर्धी शेवंतीला द्यायची आणि आपल्याला भूक नाही म्हणायची.

आपली भाकरी फडक्यात बांधून शेवंती धड पानं शोधत बनात फिरायची. तिथेच तिला ती मांजर दिसली. अंग राखाडी, डोळे मधाच्या थेंबांसारखे, मागचा पाय टम्म सुजलेला. रानातच वाढलेली ती. माणूस जवळ आला की फिस्कारायची, नखं काढायची.

शेवंतीनं हट्ट केला नाही. भाकरीचा तुकडा दगडावर ठेवायचा, द्रोणात पाणी ओतायचं आणि लांब जाऊन पाठमोरं बसायचं. रोज शेवंती थोडी जवळ बसू लागली. मग एका पहाटे मांजर आपणहून, आदल्या दिवसापेक्षा जास्तच लंगडत आली आणि तिच्या परकराला टेकून बसली. शेवंतीनं श्वाससुद्धा हळू घेतला.

तेवढ्यात समोरच्या गवतावरचा दवाचा थेंब उजळू लागला. मोत्याएवढा झाला, लिंबाएवढा झाला, आणि त्यातून एक चिमुकली परी उतरली. तिचे पंख निळे, जांभळे, सोनेरी असे क्षणाक्षणाला रंग बदलत होते. तिचं पाऊल पडेल तिथे गवतावर चांदणं सांडत होतं.

"घाबरू नकोस, बाळ," परी म्हणाली. "एक इच्छा माग, एकच. पण दव सुकायच्या आत. आणि कुणाचं मन बदलायला सांगू नकोस, ते माझ्या हाती नाही."

शेवंतीला आईचा सुकलेला चेहरा आठवला. हिरवीगार पानं मागावीत असं ओठांवर आलंही. पण मांजर समोरच्या उंच झाडाकडे बघून केविलवाणी ओरडली. तिनं वर उडी घेतली आणि धपकन खाली पडली.

"हिचा पाय बरा कर," शेवंती म्हणाली.

"बरी झाली तर ती निघून जाईल."

"जाऊ दे. माझ्या आईला मी आहे. हिला कुणीच नाही."

परीनं इवलासा हात फिरवला. मांजर ताडकन उठली, सरसर झाडावर चढली आणि दिसेनाशी झाली. शेवंतीचे डोळे भरून आले, पण ती हसली.

परीनं तिच्या गालावरचं पाणी बोटानं टिपलं आणि हवेत उडवलं. सगळं बन सोनेरी प्रकाशानं भरून गेलं. त्या उजेडात परी विरघळली, आणि फांदीफांदीवर हातभर रुंद, तुकतुकीत पानं सळसळू लागली. खोपटाच्या दारात आई थक्क होऊन उभी होती.

मग त्या उंच झाडाच्या ढोलीत काहीतरी हललं. मांजर हळूच खाली उतरली. तिच्या तोंडात एक पिल्लू होतं, डोळेही न उघडलेलं. ते तिनं शेवंतीच्या मांडीवर ठेवलं, तिच्याकडे एकदा पाहिलं, आणि दुसरं आणायला पुन्हा वर गेली.