नवीचे दहा दिवस

मुंग्या माणसासारख्या बोलायच्या आणि माणसासारख्याच वागायच्या, तेव्हाची गोष्ट. माळावर एक वारूळ होतं. कुणीही यावं, मातीचा कण लावावा. पण भिंतीची भेग मात्र दहा दिवस राहिलेलीनंच बुजवायची, असा नियम.

एक नवी मुंगी दुसऱ्याच दिवशी वारुळातल्या थोरल्या मुंगीकडे धावत आली. "आजी, म्हशीच्या खुरानं मागची भिंत फुटलीय. आत अंडी आहेत. मला बुजवू द्या. आमच्या जुन्या वारुळात अशाच भेगेतून नाग शिरला होता."

"काल आलीस नि आज भिंतीला हात? उद्या माझ्या डोक्यावर बसशील!"

"मग तुम्ही तरी बुजवा."

"बघू की. तू म्हणशील तेव्हा पळायला मी काय रिकामी बसलेय?"

बाकीच्या फिदीफिदी हसल्या. "स्वतःचं घर घालवून आली, आता आम्हाला शिकवतेय!"

नवी रोज विचारत राहिली आणि रोज शिव्या खात राहिली. पाचव्या दिवशी नाग त्याच भोकातून शिरला आणि अंड्यांवर वेटोळं घालून बसला. एकही अंडं वाचलं नाही.

उरल्यासुरल्या मुंग्यांनी ओढ्यापलीकडे नवं वारूळ घातलं. तिसऱ्या दिवशी तिथंही भेग पडली. नवीनं मातीचा कण उचलला, तशी थोरली ओरडली, "ठेव तो खाली! जागा नवी आहे, तुझे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे."

आणि तिच्याबरोबर त्याच दिवशी तिथं आलेली थोरली स्वतः भेग बुजवायला बसली.