तायव्वानं परत नेलेले रंग

फार वर्षांपूर्वी, आमच्या डोंगराला अजून गाडीवाटही नव्हती तेव्हा, इथं तायव्वा सणगर राहायची. घोंगडी विणायची. इतरांची घोंगडी काळी नाहीतर पांढरी. तायव्वाची तशी नसत. गावामागच्या राईत ती दिवसदिवस फिरायची. ऐनाच्या भेगाळ सालीवरून हात फिरवायची आणि घरी येऊन तशीच खरबरीत वीण मागावर उतरवायची. पळसाच्या फुलांचा केशरी, हिरड्याचा काळा, बाभळीच्या सालीचा तांबूस असे रंग ती लोकरीला द्यायची. तिचं घोंगडं पांघरलं की पाखरं झाड समजून खांद्यावर बसायची, असं म्हणतात.

त्या मुलखाच्या इनामदारानं तिच्याकडून एक घोंगडं विणून घेतलं. बघून हरखला. मग त्याच्या मनात पाप आलं.

"असं घोंगडं दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर दिसता कामा नये," तो म्हणाला, आणि राई तोडायला त्यानं चाळीस माणसं धाडली.

तायव्वा आडवी गेली. तिला फरफटत बाजूला केलं. तीन दिवसांत राई बोडकी झाली. तायव्वा रडली नाही. ती तुटल्या बुंध्यांमधून चालली, तेव्हा तिच्या पायाखालचं गवत करपत गेलं, असं म्हणतात.

ती थेट सदरेवर गेली. इनामदार घोंगडं पांघरूनच बसला होता.

"काढ ते!"

त्या सदरेवर त्याला आजवर कुणी अरेतुरे केलं नव्हतं.

"घोंगडं माझं आहे, म्हातारे."

"लोकर तुझ्या मेंढरांची. ती ठेव. रंग राईचे आहेत, ते मी नेते."

आणि तिनं हाका मारल्या. "पळसा, चल! हिरड्या, चल! बाभळी, चल!"

घोंगड्यातून रंग पाझरले आणि पायऱ्यांवरून ओढ्यासारखे धावत सुटले. पण तेवढ्यानं तिचा राग निवेना. इनामदाराच्या पागोट्याचा लाल गेला, मिशांचा काळा गेला, ओठांतलं रक्तसुद्धा गेलं. राखेच्या ढिगासारखा तो बसून राहिला. रंग पुढं, तायव्वा मागं, अशी ती राईत शिरली ती पुन्हा कुणाला दिसली नाही. दुसऱ्या दिवशी प्रत्येक बुंध्याला पुरुषभर उंच फुटवे आले होते, असं म्हणतात.

आमच्या गावात आजही मोठा माणूस आला तर त्याला शाल देतात, नारळ देतात. घोंगडं देत नाहीत. एकदा एका साहेबानं हसत हसत मागून पाहिलं. मागावर बसलेल्या बाईनं मानसुद्धा वर केली नाही.

"तायव्वा अजून रागात आहे," ती म्हणाली, "आणि आम्हीबी."