भागीदारीतलं घरटं

झाडांना घरपट्टी लागू होण्याआधीची गोष्ट. सुगरणबाई विणकामाची शाळा चालवत आणि कावळेशेट घरटी बांधून देत. दोघांनी भागीदारी केली. हारतुरे झाले, भाषणं तर फारच झाली. पहिलं घरटं नदीकाठच्या बाभळीवर टांगलं आणि बुलबुलिणीने त्यात अंडी घातली.

सुगरणबाईंनी वीण शिकवली. पण घरटं वाऱ्याने उधळू नये म्हणून आत ओली माती लिंपतात, हे सांगितलं नाही. सगळंच शिकवलं तर उद्या आपल्याला कोण विचारणार? हिरवं गवत लांबून आणावं लागतं म्हणून कावळेशेटनी वाळलेलं वापरलं, आणि बाई नावं ठेवतील म्हणून तेही बोलले नाहीत.

वारा सुटला. हलकं घरटं गरगर फिरलं, वाळलेलं गवत तटातट तुटलं आणि अंडी खडकावर फुटली.

"वाळलेलं गवत? मला विचारायचं तरी, शेट!"

"तुमच्या स्वतःच्या घरट्यात माती दिसते, बाई. ती आम्हाला का नाही सांगितलीत?"

"ते आमचं संशोधन आहे."

"मग गवत हे आमचं धंद्यातलं गुपित."

"चोरांनो!" बुलबुलीण किंचाळली. "दोघांना मिळून पक्कं घरटं बांधता येत होतं. अर्धं हिने लपवलं, अर्धं तू लपवलंस. माझी पिल्लं त्या फटीतून पडली!"

"हळू बोला," कावळेशेट कुजबुजले, "पुढचं गिऱ्हाईक वरच्या फांदीवर बसलंय."

सुगरणबाईंनी लगेच मान डोलावली. भागीदारी झाल्यापासून दोघांचं हे पहिलंच एकमत.