खांद्याला पडदा नसतो

वेळूगडच्या भर दरबारात हरबा भोयाला मधोमध उभं केलं होतं आणि दोन्ही बाजूंनी दोन पक्ष एकदमच ओरडत होते. डावीकडचे म्हणत होते, खरं बोल. उजवीकडचेही म्हणत होते, खरं बोल. दोघांचं खरं मात्र वेगवेगळं होतं, आणि हरबाला घाम फुटला होता तो त्यामुळेच.

भानगड अशी होती. माजी कारभारी विसाजीपंत यांच्यावर खटला भरला होता. आरोप काय, तर कारभारी असताना ते सरकारी पालखीत बसून सासुरवाडीला आमरस खायला गेले. खटला भरणारे होते नवे कारभारी सुभानराव. ‘कायदा सगळ्यांना सारखा’ हे त्यांचं उठताबसता चालायचं. विसाजीपंत म्हणायचे, ‘हा निव्वळ सूड आहे.’ आता गंमत बघा. हेच विसाजीपंत पदावर होते तेव्हा त्यांनी आपल्या आधीच्या कारभाऱ्याला सरकारी तपकीर ओढल्याबद्दल आरोपी केलं होतं, आणि तेव्हा ‘सूड, सूड’ म्हणून गळा काढणारे होते सुभानराव! वाक्यं तीच राहिली होती, फक्त तोंडं बदलली होती. इकडे नदीवरचा पूल खचला, बाजारातली विहीर बुजली, पण दरबारात आमरसाशिवाय दुसरा विषय निघेना.

राजे उदयभान आधीच हट्टी, त्यात आता पुरते वैतागलेले.

“हरबा, त्या दिवशी पालखी तू वाहिलीस. आत कोण होतं?”

“महाराज, पडदे सोडलेले होते.”

यात खोटं काहीच नव्हतं. महाराजांच्या पणजोबांनीच नियम घालून दिला होता. मोठा माणूस पालखीत चढताना भोयांनी तोंड फिरवून रस्त्याकडे बघायचं, पडदा पडल्यावरच दांडीला खांदा द्यायचा. मागे वळून बघेल त्याला चाबूक. त्यामुळे आपण जन्मभर कोणाकोणाला वाहिलं, ते वेळूगडच्या एकाही भोयाला ठाऊक नव्हतं.

“ते आम्हाला सांगू नकोस,” महाराज म्हणाले. “साक्ष दे. आणि अशी दे, की दोन्ही पक्षांतल्या एकानंही तिच्यावर ब्र काढता कामा नये. काढला, तर उद्या घरदार उचल आणि राज्याबाहेर चालता हो.”

हरबाच्या घरात म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली. तिला उचलून जायचं तरी कुठे? सकाळीच सुभानरावांच्या माणसानं दम दिला होता, विसाजीपंतांचं नाव घेतलं नाहीस तर बघ. तो गेला न गेला तोच विसाजीपंतांचा माणूस आला, नाव घेतलंस तर बघ. आता कोणाचं ऐकायचं? हरबाला मनातून फार राग आला. जन्मभर यांना उचलायचं, आणि यांच्या भांडणात बेघरही आपणच व्हायचं!

त्यानं एकदा दरबारावरून नजर फिरवली. डावीकडे सुखात वाढलेली पोटं, उजवीकडेही तसलीच. एकूण एक मंडळी पालखीत बसणारी. हरबानं मान ताठ केली.

“महाराज, डोळ्यांवर पडदा होता, पण खांद्याला पडदा नसतो. वजन खांद्यावर आलं की ते कोणत्या दिवशी, कुठे नेलं होतं, ते सगळं सांगतो. मधे पालखी कोणाच्या दारात थांबली होती, तेही सांगतो. पालखी मागवा. इथल्या प्रत्येकाला एकेकदा उचलतो. आमरसाचं वजन आपोआप सापडेल.”

दरबारात एकदम शांतता पसरली. इतके महिने कोणाला न जमलेली गोष्ट हरबाच्या एवढ्याशा बोलण्यानं झाली.

“मंजूर,” महाराज म्हणाले. “फिर्यादीपासून सुरुवात करा.”

पालखी आली, हरबाचे जोडीदार भोईही आले. सुभानराव उठले, पालखीपाशी आले, एक पाय आत टाकला आणि तसेच थांबले.

“कंबर धरलीय जरा,” ते म्हणाले.

“सावकाश बसा, सरकार,” हरबा हात जोडून म्हणाला. “आपलं वजन काय, पहिल्या चार पावलांत कळतं.”

सुभानरावांनी पाय बाहेर काढला. उजवीकडचे हसू लागले, तसा हरबा तिकडे, राजवाड्याचा खासगी खर्च बघणाऱ्या खासगीवाल्यांकडे वळला. “मग आपण येता का, खासगीवाले?” खासगीवाल्यांचं हसू जागच्या जागी विरलं. त्यांना आठवलं की आज त्यांचा उपास आहे आणि उपासाच्या दिवशी ते पालखीत बसत नाहीत. पलीकडच्या सरदारांना चक्कर आली. खुद्द विसाजीपंत पागोट्याचा पदर तोंडात धरून बसले होते.

सुभानरावांनी घसा खाकरला. “महाराज, राज्याचं हित लक्षात घेता खटला मागे घ्यावा असं माझं मत झालंय.”

“आमची हरकत नाही,” विसाजीपंत लगबगीनं म्हणाले. “सूडबिड काही नव्हतंच मुळी. सुभानराव तर घरचे आहेत.”

“आणि हरबाची साक्ष?” महाराजांनी विचारलं. “तिच्यावर कोणाला काही म्हणायचंय?”

“छे, छे. काही नाही,” दोन्ही पक्ष एका सुरात म्हणाले, आणि जेवणाची वेळ झाली म्हणत बघता बघता दरबार रिकामा झाला.

महाराजांनी हरबाला जवळ बोलावलं. “आता आपण दोघंच आहोत. खरं सांग, कोण बसलं होतं?”

“मला काय ठाऊक, महाराज? खांद्याला सगळी वजनं सारखीच दुखतात.”

महाराज खो खो हसत सुटले. “शाबास. काय हवं ते माग.”

“पालख्यांचे पडदे काढून टाका, महाराज. कोण कुठे चाललंय ते गावाला दिसू द्या. फेऱ्या कमी होतील, आमचे खांदे वाचतील.”

महाराज थोडे घुटमळले. मग हळूच म्हणाले, “सगळ्यांचे काढतो. आमच्या पालखीचा तेवढा राहू दे.”

“राहू द्या की, महाराज,” हरबा म्हणाला. “गावात एकाच पालखीला पडदा उरला, की आत कोण आहे ते सांगायला भोयाची साक्षसुद्धा लागणार नाही.”

महाराज आधी चपापले, आणि मग असे हसले की बाहेरचे पहारेकरी धावत आत आले. डोळे पुसत ते उठले, दाराशी उभ्या असलेल्या आपल्या पालखीचा जरतारी पडदा स्वतःच्या हातानं ओढून काढला आणि हरबाच्या खांद्यावर टाकला.

“घे,” ते म्हणाले, “आईला पांघरायला ने.”