रायफलीला लागलेली नजर

जहागीरदारांनी शिकारीला नवी रायफल आणली, पण गोळी डुकराला लागेल तर शपथ! नेम सुधारावा म्हणून त्यांनी नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायची खूण, बदलली, लिंबू-मिरचीही बांधली. शेवटी गावातल्या हौसाला चावडीवर बोलावून दरडावलं, "या रायफलीकडे तूच टक लावून बघत होतीस. तुझीच नजर लागली हिला. गाव सोड!"

तान्ह्या लेकराला घेऊन कुठं जायचं? पण हौसा हटली नाही. "सरकार, त्या समोरच्या कुंपणावरच्या मडक्यावर एक बार काढा, मग जाते."

जहागीरदारांनी दोन्ही डोळे गच्च मिटून चाप ओढला. मडकं जागच्या जागी!

"सरकार, नजर लागलीच नाही, हेच तर हिचं दुखणं. एकदा तुमची लागू द्या की!"

डोळे उघडून काढलेल्या पुढच्या बाराला मडक्याच्या खापऱ्या उडाल्या. हौसाला गाव सोड म्हणायची मग कुणाची टाप राहिली नाही.